आपल्या चुलीवर चहा कसा आला

गटाची बैठक म्हटली की हजेरी, बचत, कर्जाचे हप्ते, इतिवृत्त आणि शेवटी चहा. काही वस्त्यांवर तर चहा आधी येतो आणि बैठक मागून सुरू होते. आम्ही समन्वयक बाया महिन्याला पंधरा-वीस बैठका करतो, म्हणजे पंधरा-वीस घरचा चहा पितो. एका घरचा दुसऱ्या घरासारखा कधी लागत नाही. कुणी आलं ठेचून घालतं, कुणी परड्यातली गवती चहाची पात तोडून टाकतं, कुणाकडे साखर इतकी की चमचा उभा राहावा, आणि माळावरच्या वस्तीत बिनदुधाचा कोरा. पण विचारलं की सगळ्याजणी एकच सांगतात, "आपला साधाच चहा केलाय."

हा चहा 'आपला' कधीपासून झाला, ते आज सांगायचं आहे. आपल्याला वाटतं की जात्या-उखळाइतकाच तो जुना असेल. तसं नाही. तुमच्या आजीला तिच्या आजीबद्दल विचारा. त्या बाईनं चहा चाखलाही नसण्याची शक्यता फार आहे.

मग त्या काळी सकाळी उठून बाया काय पीत होत्या? कोकणात पेज. देशावर ताक, ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पिठाची आंबील, आणि शिळ्या भाकरीची न्याहारी. सर्दी-पडसं झालं तर गवती चहा, तुळस, सुंठ, मिरी घालून काढा. पाहुणा आला तर आधी पाण्याचा तांब्या आणि सोबत गुळाचा खडा. गूळपाणी दिलं की मान झाला. उन्हाळ्यात ताक. 'चहापाणी' हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण त्यातलं पाणी जुनं आणि चहा नवा.

तसा चहा आपल्या किनाऱ्यावर फार पूर्वी उतरला होता. चहा हा शब्द मूळचा चिनी. सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरात चिनी चहा येई, आणि तिथले व्यापारी तो मसाला घालून उकळून पीत. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेला आला होता, त्यानं हे लिहून ठेवलंय. डोकेदुखीवर, पोटाच्या तक्रारीवर औषध म्हणून तो घेतला जाई. त्याच शतकात, १६६१ साली, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं आणि हुंड्यात मुंबई बेट दिलं गेलं. चहाची आवड तिनं सोबत नेली आणि इंग्रजांच्या दरबारात ती रुजवली. हुंड्यानं कुणाकुणाचं काय काय गेलं याचा हिशोब आपण बैठकीत नेहमी मांडतो, त्यात ही मुंबईसुद्धा धरायला हवी.

इंग्रजांना चहाचं वेड लागलं, पण चहा चीनकडून विकत घ्यावा लागे. आसामात सिंगफो लोक चहाची झाडं आधीपासून ओळखत होते, त्याची पानं वापरत होते. ते इंग्रजांना कळलं आणि तिथं मळे सुरू झाले. १८३९ साली आसामच्या चहाच्या पहिल्या पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या. मळ्यांवर कामाला छोटा नागपूरकडच्या आदिवासी माणसांना करार करून नेलं, आणि त्या करारातून सुटका सोपी नव्हती. पानं खुडायचं काम तेव्हापासून आजपर्यंत मुख्यतः बायकाच करतात. पण हा चहा पिणारे होते विलायतेचे लोक. हिंदुस्थानात पिकायचा आणि बोटीनं बाहेर जायचा. आपल्याकडे तो साहेबांच्या बंगल्यात, शहरातल्या शिकलेल्या थोड्या घरांत, एवढाच.

त्या शिकलेल्या घरांतही चहावरून केवढं रामायण झालं, ते ऐका. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठी मंडळी जमली होती. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कार्यक्रम झाल्यावर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात घेतला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान, यांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं! ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा प्यायले म्हणून बहिष्काराची भाषा सुरू झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याबद्दल लिहिलं आहे. एक कप चहा, आणि दोन वर्षं पुणं पेटलं. भांडण चहाच्या चवीवरून नव्हतं हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. कुणाच्या हातचा, हा प्रश्न होता. तो प्रश्न पुढे खेड्यांतही चहाच्या पाठोपाठ आला, त्याकडे येतोच.

खेड्यापर्यंत चहा आणला तो व्यापारानं, आणि फार ठरवून आणला. १९०३ साली सरकारनं चहावर एक कर बसवला. त्याचा पैसा चहाच्या प्रचारासाठी होता. सुरुवातीला प्रचार जास्त करून परदेशात चाले. पण १९२९ नंतर जगभर मंदी आली, चहाचे भाव पडले. १९३३ साली चहा पिकवणाऱ्या देशांनी निर्यातीवर मर्यादा घालायचा करार केला. आता मळ्यात पिकलेला चहा घालायचा कुठं? मग मळेवाल्यांना आपली आठवण झाली. एवढा मोठा देश, एवढी माणसं, आणि चहा पीत नाहीत म्हणजे काय! १९३७ साली चहाचा खप वाढवण्यासाठी एक बोर्डच नेमलं गेलं.

या बोर्डाची माणसं बाजाराच्या दिवशी, जत्रेत गाडी लावून चहा करून दाखवत, लोकांना पाजत. रेल्वे स्टेशनांवर चहाच्या मोठमोठ्या पत्र्याच्या पाट्या लागल्या. एका पैशाची पुडी निघाली, म्हणजे हातावर पोट असलेल्यालाही घेता यावी. आपल्या दृष्टीनं सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे ही माणसं घरोघर जाऊ लागली. ज्या घरांत बायका परक्या पुरुषासमोर येत नसत, तिथं चहा करून दाखवायला बायका नेमल्या. बाहेर पुरुषाला कितीही चहा पाजला तरी घरातली चूल बाईच्या ताब्यात आहे, आणि तिनं मनावर घेतल्याशिवाय रोजचा चहा होणार नाही, हे त्या व्यापाऱ्यांना बरोबर कळलं होतं. आपल्या घरात आपली किंमत कुणाला कळो न कळो, बाजाराला मात्र ती तेव्हाच कळली होती.

पाट्यांवर चहा करायची रीतही लिहिलेली असे. ताजं पाणी खळखळ उकळायचं, किटली गरम करून घ्यायची, माणशी एक चमचा चहा आणि एक किटलीसाठी जास्तीचा, वरून पाणी ओतून झाकण ठेवायचं, काही मिनिटं थांबायचं, आणि दूध-साखर शेवटी ज्याच्या त्याच्या कपात.

आपल्या बायकांनी यातलं काय ऐकलं? पाणी उकळायचं, एवढंच! बाकी सगळं त्यांनी आपल्या मनानं केलं. पातेल्यात पाणी, त्यातच चहा, त्यातच गोड, त्यातच दूध, आणि सगळं मिळून उकळी. हा अडाणीपणा नव्हता, त्यात हिशोब होता. चहाची भुकटी महाग. झाकून ठेवून रंग काढायचा तर ती जास्त लागते, उकळून काढला तर चिमूटभरात भागतं. शिवाय काढा करायची सवय हाताला होतीच. सुंठ, आलं, गवती चहा, वेलदोडा हे काढ्याचं सामान चहाच्या पातेल्यात गेलं. मसाला घातला की भुकटी कमी लागते, म्हणून बोर्डाच्या लोकांना हा मसाल्याचा चहा फारसा आवडत नसे. आज जगभर हॉटेलांत ज्या मसाला चहाचं कौतुक चालतं, तो देशभरातल्या बायकांनी आणि टपरीवाल्यांनी अशी काटकसर करताना घडवला.

गांधीजींना ही चहाची लाट पसंत नव्हती. १९४२ साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात चहा-कॉफीची गरज नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. उकळलेल्या चहातल्या तुरट द्रव्यानं अपाय होतो, असं त्यांचं म्हणणं. पण चहावाले काही कमी नव्हते. १९४७ साली त्यांनी जाहिरात काढली, तिच्यात चरख्यापाशी बसलेली बाई आणि जवळ चहा, आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही. ज्या चरख्याच्या माणसानं चहा नको म्हटलं, त्याच्याच चरख्याशेजारी कप मांडला. जाहिरातीच्या या कलेला काय म्हणावं!

आमच्या दुष्काळी भागात मात्र चहा पाट्यांपेक्षा माणसांबरोबर जास्त आला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, इकडचे पुरुष मुंबईला गिरणीत गेले. पाळीची नोकरी, दहा बाय दहाच्या खोलीत वीस-पंचवीस गडी, जेवण खानावळीत, आणि झोप उडवायला नाक्यावरच्या हॉटेलात चहा. ती सवय घेऊन ते शिमग्याला, गणपतीला, जत्रेला गावी यायचे, आणि ट्रंकेत साबण, तेलाची बाटली, लुगडं यांच्याबरोबर चहाची पुडी असायची. जुन्या बायका सांगतात की ती पुडी डब्यात ठेवून वर्षभर पुरवायची. चहा म्हणजे मुंबईवाल्याचा मान. तो गावी आला की शेजारपाजारचे चहाला यायचे आणि तो परत गेला की चुलीवर पुन्हा आंबील.

आता त्या 'कुणाच्या हातचा' प्रश्नाकडे येऊ. कोल्हापूरला गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या सेवेत होते. ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना इतर नोकरांनी बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना मदत देऊन शहरात भर रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं. सत्यसुधारक हॉटेल त्याचं नाव. हॉटेल निघालं, पण सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. मग महाराज स्वतः फेरफटक्याला निघाले की तिथं गाडी थांबवू लागले. गंगारामांच्या हातचा चहा मागवायचा, आपण प्यायचा आणि गाडीतल्या बड्या बड्या मंडळींनाही पाजायचा. राजा पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? पंचहौदच्या चहानं जे घडलं त्याच्या अगदी उलटं इथं घडवलं गेलं, तेही एका कपानंच.

पण सगळ्या गावांना शाहू महाराज मिळाले नाहीत. गावागावांतल्या चहाच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळे कप असत, बाहेर वळचणीला किंवा खिळ्याला अडकवलेले. ज्याचा त्यानं कप घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आणि आपणच धुऊन ठेवायचा. राज्यघटनेनं अस्पृश्यता नष्ट केली, दुकानं आणि हॉटेलं सगळ्यांना खुली केली. १९५५ साली कायदा झाला, शिक्षा आली. तरी कप हलले नाहीत ते कितीतरी वर्षं. आणि हे फक्त हॉटेलात नव्हतं. घरोघरी कान तुटलेला एक कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा, कामाला येणाऱ्या माणसांसाठी. घरात तो कप ठेवायचा कुठं, त्यात किती उंचावरून चहा ओतायचा, हे सासूनं सुनेला शिकवलेलं असायचं. रूढी पुरुषांनी चालवल्या हे खरं, पण हा कप आमच्याच आयाबायांच्या हातानं कोनाड्यात ठेवला जात होता, ते आम्हाला गाळून पुढे जाता येत नाही. बचत गट सुरू झाले तेव्हा बैठक कुणाच्या घरी घ्यायची यावरून अडून बसणाऱ्या बाया होत्या. "बैठकीला येऊ, पण चहा नको, मला पित्त आहे" असं सांगणाऱ्या होत्या. बैठक आळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी, हा नियम ज्या गटांनी पाळला, तिथं हे पित्त हळूहळू बरं झालं. काही गटांत अजून आहे.

चवीचं बोलायचं तर सगळ्यात मोठा बदल गोडात झाला. आधी सगळा चहा गुळाचा. साखर पांढरी, नाजूक, विकतची. एके काळी ती जावाहून बोटीनं यायची. १९३२ साली सरकारनं परदेशी साखरेवर जबर कर लावला तेव्हा इथं कारखाने वाढले. मग प्रवरेला लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या अखेरीस त्याचं गाळप सुरू झालं. त्याच्या मागोमाग महाराष्ट्रभर सहकारी कारखाने निघाले. साखर गावात आली, पण सहज मिळत नव्हती. रेशनवर माणशी मोजून मिळायची, आणि सणावाराला, लग्नाकार्याला राखून ठेवावी लागायची. तेव्हा घरात दोन चहा चालायचे. पाहुण्याला साखरेचा, घरच्यांना गुळाचा. गुळाचा चहा पाहुण्यासमोर गेला तर बाईला खाली बघावं लागे. कुणी मुलगी बघायला आलं तर शेजारून वाटीभर साखर उसनी आणायची. ती वाटी परत करेपर्यंत जिवाला घोर.

पुढे साखर स्वस्त झाली तशी चहातली साखर वाढतच गेली. साखरेचा विषय निघाला की आम्हाला बीडकडच्या ऊसतोड बायका आठवतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, उचल घेऊन कारखान्यावर जातात. तिथल्या खोपीत पहाटे तीन-चारला उठून बाई तीन दगडांवर कोरा चहा ठेवते, त्यावर फडात जाते, आणि तिनं तोडलेल्या उसाची साखर आपल्या कपात येते. आसामात चहा खुडणारी बाई, इकडे ऊस तोडणारी बाई, आणि चुलीपुढे उकळणारी बाई. कपात सगळ्या एकत्र येतात, एरवी कधी भेटत नाहीत.

कॉफीचं काय, असं कुणी विचारेल. कॉफीलाही तसाच कर आणि तसंच प्रचाराचं मंडळ लाभलं होतं, पण ती दक्षिणेत जिंकली. तंजावरकडच्या मराठी घरांत सकाळी फिल्टर कॉफीच असते. आपल्या मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, तरी विदर्भ पितो चहाच. महाराष्ट्राच्या घरांत कॉफी म्हणजे पाहुण्यांची, उपासाची, दुधात जायफळ उगाळून केलेली गोड. जायफळ घातलेली कॉफी पाहून मद्रासी माणूस कपाळाला हात लावेल, पण मराठी माणसाला कॉफीचा वास म्हटला की जायफळच आठवतं. आता एक-दोन रुपयांच्या पुड्या निघाल्यापासून कॉलेजच्या मुली कॉफी करतात. त्यात जायफळ नसतं.

दुधाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती आम्हाला टोचते. आधी घरी म्हैस असली तर दूध घरातच. तूप, ताक व्हायचं, पोरांना मिळायचं. चहात दूध घालायचं की नाही हे म्हशीवर ठरायचं. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली. गावोगाव दूध संस्था निघाल्या, डेअरीला दूध घालायची पद्धत पडली. रोख पैसा हातात आला, हे मोठंच काम झालं. कित्येक बायांचा संसार त्या पैशावर उभा राहिला. पण पगार लिटरवर, म्हणून जेवढं दूध तेवढं किटलीत. घरात उरतं ते चहापुरतं. ताक गेलं. लोणी गेलं. सकाळच्या न्याहारीला ताक-भाकरी होती, तिथं चहा आणि बटर किंवा चहात बुडवून शिळी चपाती आली. म्हैस राखणारी बाई शेण काढते, वैरण घालते, धार काढते, दूध घालून येते, आणि तिच्या चहाला दुधाचा रंग तेवढा लागलेला असतो.

चहाची पावडरही बदलली. १९३० च्या सुमाराला आसामात एक यंत्र निघालं, ज्यात पानं चिरडून, फाडून, वळवून बारीक दाणे करतात. त्याला सीटीसी म्हणतात. पूर्वीच्या पानाच्या चहापेक्षा हा दाणा लवकर रंग सोडतो, कडक होतो आणि किलोमागे जास्त कप निघतात. दूध-साखर घालून उकळणाऱ्यांना असाच हवा होता. आज देशात होतो तो बहुतेक चहा याच पद्धतीचा. आपण 'कडक' म्हणतो ती चव त्या यंत्राची आहे.

भांडी आणि इंधन यांचं थोडक्यात सांगतो. कल्हईचं पितळी पातेलं जाऊन जर्मनचं आलं, मग स्टीलचं. गाळायला आधी फडकं होतं, चहानं तपकिरी झालेलं, खुंटीला वाळत घातलेलं. मग गाळणी आली. चुलीवर चहा व्हायचा तो चूल पेटलेली असेल तेव्हाच, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी. रॉकेलचा स्टो आला आणि चहा कधीही होऊ लागला. गॅस आल्यावर तर विचारूच नका. दोन वेळचा चहा पाच वेळचा झाला, कारण "बस बस, पाच मिनिटांत चहा होतो". कुणाच्या पाच मिनिटांत, ते बोलणारा सांगत नाही.

चहा कुणी किती प्यायचा आणि कधी, याचीही रीत पडून गेली. आधी पाहुणे, मग घरचे पुरुष, मग पोरं, मग सासूबाई. शेवटी पातेल्यात उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून, चिमूटभर साखर टाकून जो निघतो तो सुनेचा. हा दुसरा चहा. बाहत्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर सुकडी आणि कोऱ्या चहावर दिवस काढलेल्या बाया अजून आपल्यात आहेत. त्या सांगतात की चहा तहानेसाठी नव्हता, भूक मारायला होता. ती सवय बऱ्याचजणींची आजही आहे. खुरपायला जाताना नुसता चहा, दुपारी भाकरीवर चहा, संध्याकाळी दमून आल्यावर चहा. आरोग्य शिबिरात रक्त तपासलं की निम्म्याहून जास्त बायांचं हिमोग्लोबिन कमी निघतं. राज्याच्या पाहणीतही तसंच आहे. त्याची कारणं पुष्कळ आहेत, एकट्या चहावर ढकलता येणार नाहीत. पण जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातलं तुरट द्रव्य भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर गिळणाऱ्या गरोदर मुली आम्ही पाहतो. गोळी फुकट, चहाही फुकट. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवायचं आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, असं नर्सताई सांगतात.

हल्ली हायवेला 'गुळाचा चहा' अशा पाट्या लागल्या आहेत. साध्या चहापेक्षा त्याला पैसे जास्त. मोटारी थांबतात, लोक आवडीनं पितात, मुलं त्याचे फोटो काढतात. साखरेच्या आजाराची भीती सगळ्यांना बसली आहे, म्हणून गूळ बरा असं म्हणतात. खरं तर गूळही शेवटी गोडच, साखरेचा आजार असलेल्यानं दोन्ही मोजूनच घ्यायचं. आमच्या गटातल्या जुन्या बायकांना त्या पाटीचं हसू येतं. ज्या चहाची त्यांना पाहुण्यापुढे लाज वाटायची, तोच आता पाहुणे पैसे देऊन मागतात. दोन-तीन गटांनी जत्रेत गुळाच्या चहाचा स्टॉल लावला, आणि पहिल्याच दिवशी तरुण मुलींच्या हातून पातेलंभर दूध नासलं, कारण त्यांनी साखरेसारखा गूळ टाकून उकळलं. मग आजीबाईंना बोलावणं गेलं. त्यांची पद्धत अशी. पाण्यात आलं आणि चहा उकळून घ्यायचा. गूळ किसून त्यात विरघळू द्यायचा, एक कढ आणून पातेलं उतरवायचं. दूध वेगळं तापवून ठेवायचं. गुळात आंबटपणाचा अंश असतो, म्हणून दोन्ही एकत्र विस्तवावर ठेवायचे नाहीत. चहा गाळून कपात घ्यायचा आणि वरून दूध सोडायचं. मग फाटत नाही.